मरून हुडीवरचा पांढरा प्रिंट गुलाबी का पडला: एका ऑर्डरचं पूर्ण पोस्टमॉर्टेम

मरून, लाल किंवा रॉयल ब्लू फ्लीसवर, म्हणजे हुडीच्या जाड मऊ कापडावर, पांढरा प्रिंट मारायचा म्हटलं की छपाईवाल्याच्या पोटात गोळा येतो, आणि येत नसेल तर त्याने अजून एकदाही हात पोळून घेतलेला नाही एवढंच. माल देताना प्रिंट दुधासारखा पांढरा असतो, गिऱ्हाईक खुश, पेमेंट अर्धं जमा, आणि मग तीन-चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, "दादा, प्रिंट गुलाबी पडलाय." असंच एक प्रकरण भोसरीच्या बाजूला एका ओळखीच्या युनिटमध्ये झालं. मी शाई आणि केमिकलच्या लाइनमध्ये आहे, मला बोलावलं ते खरं तर "तुमच्या लाइनच्या लोकांनी खराब शाई दिली" असं ऐकवायला. युनिटचं नाव लिहीत नाही, मालकांना आपण शेठ म्हणू. बाकी तपशील सगळा लिहितो, कारण नेटवर या विषयावर "लो ब्लीड इंक वापरा" (ब्लीड म्हणजे कापडाचा रंग शाईत उतरणं, तो रोखणारी शाई) एवढं एकच वाक्य सगळे फिरवत असतात आणि या केसमध्ये त्या वाक्याने काम झालं नाही.

ऑर्डर काय होती ते आधी. इंजिनीअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या बॅच हुडी, २८० पीस, मरून, ३२० जीएसएम ब्रश केलेलं फ्लीस. कोरा माल लुधियानाचा, पुण्यातल्या एका ट्रेडरकडून घेतलेला, बिलावर फक्त "कॉटन फ्लीस" लिहिलेलं. पाठीवर सगळ्या पोरांच्या नावांनी बनवलेला मोठा आकडा पांढऱ्यात, त्याखाली कॉलेजच्या नावाची भरीव पांढरी पट्टी, छातीवर छोटा मोहरी पिवळा लोगो, आणि गळ्याच्या आत साइजचं लेबल हीट ट्रान्सफरने चिकटवलेलं. पाठीचा पांढरा नेहमीच्या प्लास्टिसोलने, म्हणजे गरमीत पक्क्या होणाऱ्या प्लास्टिकसारख्या शाईने, मारा-फ्लॅश-परत मारा पद्धतीने (फ्लॅश म्हणजे मधे गरमी देऊन शाई जरा वाळवणं). शुक्रवारी डिलिव्हरी झाली, सोमवारी फोटो यायला लागले.

पोचलो तेव्हा शेठच्या टेबलावर परत आलेल्या दहा-बारा हुडी पडलेल्या आणि शेजारी शाईचा डबा, म्हणजे आरोपी आधीच पकडून ठेवलेला. मी म्हटलं आधी हुडी तरी नीट बघू.

पहिलं म्हणजे गुलाबी रंग प्रिंटच्या वर बसलेला नव्हता, प्रिंटच्या आत होता. हे बघायला सोपं आहे, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासायचं, वरून चोळला गेलेला कच्चा रंग असेल तर फडक्यावर येतो आणि प्रिंट थोडा तरी उजळतो. इथे फडकं जवळजवळ कोरं राहिलं. दुसरं, सगळ्या हुडी सारख्या गुलाबी नव्हत्या. शेठच्या पोराने सांगितलं की पॅकिंगवाल्याने थप्प्या लावून कार्टन भरले होते आणि थप्पीच्या मधल्या हुडी जास्त रंगलेल्या, वरच्या कमी. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, डबल एक्सएल साइजच्या हुडी अजिबात रंगल्या नव्हत्या. त्याच दिवशी, त्याच शाईने, त्याच ड्रायरमधून गेलेल्या. विचारलं तर कळलं की डबल एक्सएल ट्रेडरकडे कमी पडले म्हणून त्याने दुसऱ्या मिलचा माल घुसवला होता, शेड साधारण जुळत होता म्हणून कोणी बोललं नाही.

आणि चौथी गोष्ट गळ्यात सापडली. साइज लेबलचं पांढरं अक्षर पण गुलाबी. ते लेबल या युनिटमध्ये छापलेलंच नाही, बाहेरून शीटमध्ये येतं, शाई वेगळी, छापणारा वेगळा, इथे फक्त छोट्या हीट प्रेसवर दाबतात. ते लेबल शेठच्या हातात दिलं आणि म्हटलं, "शेठ, हा डबा तर या लेबलच्या जवळपासही गेला नाही, मग हे का रंगलं?" शेठ दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "चहा घ्या."

कापडात काय होतं

आता हे नीट समजून घ्यायला लागतं, नाहीतर पुढचे उपाय आंधळे होतात. कॉटनला रंग देतात तो रिअ‍ॅक्टिव्ह डाय, तो धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो, गरम केला म्हणून उठून कुठे जात नाही. पॉलिएस्टरला तो रंग चालत नाही, त्याला डिस्पर्स डाय लागतो. पॉलिएस्टरचा धागा साधारण १३० अंशांवर, प्रेशरमध्ये, थोडा सैल पडतो आणि तेव्हा डायचे बारीक रेणू आत शिरतात, थंड झाला की आत अडकून बसतात. नुसते अडकलेले असतात, बांधलेले नसतात. म्हणजे परत तेवढी गरमी दिली की दार परत उघडतं. जर्सीवर, मगवर जी सब्लिमेशन प्रिंटिंग होते ती याच जातीच्या डायवर चालते, तिथे आपल्याला रंग उडायला हवा असतो म्हणून १८०-२०० अंशांवर मुद्दाम उडवतो. हुडीवर तोच प्रकार आपल्याला नको असताना होतो.

प्लास्टिसोल नेहमीचा असेल तर १६० अंशांच्या आसपास क्युअर, म्हणजे पक्का होतो. म्हणजे शाई पक्की करायला जी गरमी लागते त्याच गरमीत कापडातला रंग जागा सोडायला लागतो, भांडण तिथेच आहे. त्यात प्लास्टिसोलमध्ये प्लास्टिसायझर असतो, तेलकट द्रव, आणि डिस्पर्स डायला तो फार आवडतो, त्यात तो विरघळतो. प्लास्टिकच्या डब्यात लोणचं ठेवलं की डबा कायमचा पिवळा होतो ना, धुऊन जात नाही, तसंच. आणि एकदा डाय शाईत शिरला की मग भट्टीची गरज राहत नाही, साध्या हवेतसुद्धा तो हळूहळू वर सरकत राहतो, म्हणून शुक्रवारी पांढरं असलेलं सोमवारी गुलाबी. काही वेळा आठवडा-दोन आठवडेही लागतात. डिलिव्हरीच्या वेळी पांढरं होतं याचा पुरावा म्हणून काडीचा उपयोग नाही.

बरं, बिलावर तर कॉटन फ्लीस होतं. म्हणून आम्ही हुडीच्या आतल्या शिवणीतून छोटा तुकडा काढला आणि धागे सोडवले. फ्लीस बहुतेक तीन धाग्यांचं असतं, एक बाहेर दिसणारा फेसचा, एक आतला जाड लूपचा ज्याला ब्रश मारून मऊ करतात, आणि एक दोघांना बांधणारा. तिन्ही वेगळे करून लायटरवर धरायचे, बस. कॉटन जळतं तेव्हा कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडली की पीठ होतं. पॉलिएस्टर वितळतं, गोडसर घाण वास मारतं आणि टोकाला काळा टणक मणी होतो, तो चुरडत नाही. एम साइजच्या हुडीत आतला लूप सरळ मणीच झाला, आणि बाहेरचा फेसचा धागा पण अर्धी राख अर्धा मणी, म्हणजे मिक्स. डबल एक्सएलमध्ये फेसचा धागा स्वच्छ राख, मिक्स फक्त आत. शाई बसते ती फेसवर. फेस कॉटन असेल तर आतल्या पॉलिएस्टरचा रंग वर पोचायला बराच त्रास पडतो, फेसमध्येच पॉलिएस्टर असेल तर शाई आणि डाय एकमेकांना चिकटूनच बसलेत.

अजून एक टेस्ट केली, ही कोणीही करू शकतं. कोऱ्या हुडीवर पांढऱ्या पॉलिएस्टर अस्तराचा तुकडा आणि शेजारी पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ठेवला, हीट प्रेस १६० वर, अर्धा मिनिट. अस्तर छान गुलाबी झालं, सुती कापडाला नावापुरतं लागलं. रिअ‍ॅक्टिव्हचा कच्चा रंग असता तर मघाच्या ओल्या फडक्यावर तो आला असता, अस्तराला एवढं लागलं नसतं. डिस्पर्स डाय पॉलिएस्टर शोधतो, त्याचं घरच ते.

डाईंगवाल्याने पण हातभार लावला असणार असं मला वाटतं. पॉलिएस्टर रंगवल्यावर वर चिकटून राहिलेला फालतू डाय काढायला हायड्रो आणि कॉस्टिक या केमिकलमध्ये गरम धुलाई करतात, रिडक्शन क्लिअरिंग म्हणतात त्याला. स्वस्तातल्या मालात हा धुवा उरकला जातो किंवा सरळ टाळला जातो, पाणी वाचतं, वेळ वाचतो. शिवाय धुलाई चांगली केली तरी नंतर स्टेंटरवर (कापड ताणून वाळवायचं मशीन) जास्त गरमी दिली आणि वरून सॉफ्टनर चोपडलं की आतला डाय परत पृष्ठभागावर येतो. हुडी हाताला जितकी लोण्यासारखी मऊ तितका मला संशय जास्त येतो, हे माझं वैयक्तिक मत आहे, पण सॉफ्टनरमुळे डाय सरकायला मदत होते हे डाईंगची माणसं पण सांगतात.

भट्टीत काय होतं

कापड दोषी ठरल्यावर शेठ एकदम सुटल्यासारखे झाले, लगेच ट्रेडरला फोन लावायला निघाले. मी म्हटलं थांबा, ड्रायर पण बघू, कारण ५०-५० किंवा ६०-४० कॉटन-पॉलिएस्टर फ्लीसवर रोज हजारो हुडी छापल्या जातात आणि सगळ्या काही गुलाबी होत नाहीत.

ड्रायरच्या डिस्प्लेवर १६५ होतं. तो आकडा भट्टीतल्या एका जागच्या सेन्सरचा असतो, हुडीवरच्या शाईचा नसतो. कोऱ्या हुडीवर तोच प्रिंट मारला आणि तापमानाची चिकटपट्टी, ती काळी पडत जाते ती, छापलेल्या पांढऱ्या पट्टीच्या मधोमध आणि दोन्ही कडांना लावून बेल्टवर सोडली. कडांना १६० च्या जवळ आणि मधे १८० पार. आणि बेल्टचा वेग इतका कमी केलेला की हुडी आत आरामात फिरायला गेल्यासारखी जात होती. म्हणजे मधल्या भागाला सब्लिमेशनची पूर्ण सोय करून दिली होती.

हे कोणी केलं आणि का, हा प्रश्न निघाला तेव्हा ऑपरेटर मामा आधी गप्प बसले, मग सांगितलं. ऑर्डरच्या आधी जे सॅम्पल काढलं ते धुतल्यावर प्रिंटला चिरा गेल्या होत्या आणि कडेने पापुद्रा निघत होता. शेठ ओरडले. मग मामांनी हीट वाढवली, बेल्ट हळू केला, चिरा बंद झाल्या, सगळे खुश. आता यात मामांना दोष द्यायचा का? मी तरी देणार नाही. फ्लीसवर प्रिंट कच्चा राहणं ही खरी अडचण आहे, टी-शर्टसारखं ते लगेच तापत नाही, जाड असतं, हवा धरून ठेवतं आणि कॉटनमध्ये ओल असते. भट्टीत गेल्यावर आधी ती ओल वाफ होऊन निघते, तोवर शाईच्या बुडाचं तापमान वरच चढत नाही. वरून तापमानाची गन मारून बघितलं तर शाईची पापडी १६० दाखवते आणि बुडाशी १३० असतं. धुतल्यावर बूड सुटतं. त्याला उपाय गरमी वाढवणं नाही, उपाय आहे हवा खेळती ठेवणं आणि वेळ देणं, शक्य असेल तर कोऱ्या हुडी आधी एकदा बेल्टवरून थोड्या गरमीत फिरवून ओल काढून टाकणं. डिग्री वाढवली की बूड पण पक्कं होतं आणि डाय पण उठतो.

फ्लॅशचं पण तसंच. सहा कलरचं राऊंड मशीन, क्वार्ट्झ फ्लॅश, दोन कोट म्हणून दोन फ्लॅश, आणि प्रत्येक वेळी शाई इतकी वाळवायची की बोट लावलं तर काचेसारखी कडक. फ्लॅशचं काम फक्त शाई जेल करणं आहे, १०० अंशांच्या आसपास, बोटाला चिकटली नाही की झालं. इथे फ्लॅशमध्येच डायला पहिलं आमंत्रण गेलं होतं. त्यात पॅलेट, म्हणजे हुडी ज्यावर चढवतात ती फळी, तासभरात तापून लाल, मग पुढचा प्रत्येक पीस खालूनही शिजतोय.

आणि शेवटी थप्पी. ड्रायरमधून गरम हुडी निघाली की तिथेच घडी घालून एकावर एक, चाळीस-पन्नासची थप्पी, मग लगेच प्लास्टिक पिशवी आणि कार्टन. फ्लीसची थप्पी म्हणजे रजयांचा ढीग, मधली गरमी तासन् तास जात नाही. वरच्या हुडी कमी रंगल्या आणि मधल्या जास्त, त्याचं कारण हे. मला विचाराल तर या ऑर्डरमध्ये निम्मं नुकसान इथे झालं, छपाई संपल्यावर, जिथे कोणाचं लक्षच नव्हतं.

दुरुस्ती, आणि तिथे काय काय फसलं

रंगलेल्या हुडी परत पांढऱ्या होतात का, हे शेठनी चार वेळा विचारलं. नाही होत. ब्लीच लावलं तर कापडाचा रंग आधी जाईल. वरून परत छापता येतं का, तर भरीव पट्टीवर आलं असतं, पण नावांचा आकडा, बारीक अक्षरं, शिवलेल्या ताणलेल्या हुडीवर परत तंतोतंत बसवणं म्हणजे पंढरपूरला मागे चालत जाणं. एक-दोन करून बघितल्या, सावली पडल्यासारखं दिसलं, सोडून दिलं. शेवटी ज्यांच्या हलक्याच रंगल्या होत्या त्या पोरांनी पैसे कमी करून ठेवल्या, बाकीच्या नव्याने करून द्यायच्या ठरल्या. ट्रेडरने कोरा माल परत घ्यायला नकार दिला, "कॉटन फ्लीस म्हणजे सगळे हेच घेतात साहेब", आणि बिलावर टक्केवारी नव्हतीच, तर भांडणार कशावर. शेवटी त्याच मालावर चांगला प्रिंट काढून दाखवायची वेळ आली.

शेठचा पहिला हुकूम, लो ब्लीड पांढरी आणा आणि मारा. मारली, भट्टी मात्र मुद्दाम जुन्याच सेटिंगवर ठेवली कारण मला बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ खुश, पांढरीशुभ्र. मी सांगितलं थप्पी करून वजन ठेवून भट्टीशेजारी पत्र्याखालच्या माळ्यावर टाका आणि विसरून जा. काही दिवसांनी काढली तर फिकट गुलाबी. लो ब्लीड शाईत डायला मारणारं किंवा रोखणारं केमिकल असतं, पण त्याची पण ताकद मर्यादित, १८० अंशांचा पूर आला तर बांध फुटणारच.

मग शाईच बदलली, लो क्युअर पांढरी घेतली, जी १३५-१४० अंशांत पक्की होते. भट्टी खाली आणली, बेल्ट थोडा हळू, तापमानाची पट्टी लावून शाईवर खरोखर १४० येतंय आणि ते टिकतंय हे बघून घेतलं, धुऊन बघितलं, ताणून बघितलं, चिरा नाहीत. फरक जमीन-अस्मानाचा पडला. तरी थप्पीच्या टेस्टमधून काढलेल्या पीसवर भरीव पट्टी कोऱ्या कागदाशेजारी धरली की किंचित गुलाबी छटा दिसायची. नावांवर काही दिसायचं नाही. शेठ म्हणाले चालेल, कोण कागद धरून बघतंय. पोरं बघतात, एकदा तोंड पोळलेलं गिऱ्हाईक सगळं बघतं.

म्हणून खाली ब्लॉकर लावायचा ठरला, राखाडी बेस. त्यात कार्बन असतो, तो वर येणाऱ्या डायला धरून ठेवतो, रंग राखाडीतच मरतो आणि पांढऱ्यापर्यंत पोचत नाही. ऐकायला सोपं, करायला नाही. पहिली कटकट, राखाडी कड पांढऱ्याच्या बाहेर डोकावते, सगळ्या नावांना घाणेरडी चौकट आल्यासारखी. मग फिल्म, जिच्यावरून छपाईची जाळी बनते ती, परत काढून बेस एका पॉइंटने आत घेतला, बारीक नावांच्या खाली थोडी बारीक रेघ राहिली तरी चालली. दुसरी कटकट, राखाडीवर एका कोटात पांढरी मळकट दिसते, दोन कोट लागतात, म्हणजे परत एक फ्लॅश, म्हणजे परत गरमी, म्हणजे ज्यासाठी हे केलं त्याच्याच उलट. तिसरी कटकट फ्लीसची लव, केसासारखे धागे शाईतून वर येतात आणि त्या मरून केसांमुळे पांढरा प्रिंट लांबून गुलाबीच दिसतो! हे लक्षात यायला वेळ लागला, आम्ही ब्लीड समजत होतो आणि भिंगातून बघितलं तर नुसते केस.

शेवटी जे जमलं ते असं. हुडी पॅलेटवर चढवल्यावर चिकट रोलर फिरवून सुटे केस काढायचे. राखाडी बेस ४३ टी मेशमधून (सेंटीमीटरला ४३ धाग्यांची जाळी), दोन स्ट्रोक, दाबून, म्हणजे शाई लवेला चेपून बसते. मग छोटा फ्लॅश, जेमतेम जेल होईल एवढाच. मग पांढरी ६१ टी मधून एक चांगला भरलेला कोट, स्क्वीजीची (शाई ओढायच्या रबरी पट्टीची) धार नवीन करून, स्क्रीनला म्हणजे जाळीच्या चौकटीला ताण नीट असेल तर एका कोटात झाकलं जातं हे तेव्हा कळलं, जुन्या ढिल्या स्क्रीनमधून कधीच गेलं नसतं. दोन पांढरे कोट टाळले आणि एक फ्लॅश वाचला. मधे टेफ्लॉन लावून हीट प्रेसने केस दाबायची पद्धत पण करून बघितली, प्रिंट काचेसारखा गुळगुळीत येतो, पण परत गरमी, म्हणून या मालावर नाही वापरली. कॉटन फेस असता तर नक्की वापरली असती.

ड्रायरच्या तोंडाशी दोन पेडेस्टल फॅन लावले. हुडी सुट्या दोरीवर टाकायच्या, हाताला गार लागल्याशिवाय घडी नाही, घडी झाली तरी दहा-बाराच्या वर थप्पी नाही, आणि पॅकिंग दुसऱ्या दिवशी. पॅकिंगवाल्याने "जागा कुठाय" म्हणून कटकट केली, ती रास्त होती, शेवटी जिन्यात दोऱ्या बांधल्या. फिनिशिंगच्या टेबलावर स्टीम इस्त्री प्रिंटवरून फिरवायची बंद केली, कारण तिथेही तेच होतं. गळ्याचं लेबल तर मी सरळ काढायलाच लावलं, साधं शिवलेलं साटिन लेबल लावलं. हीट प्रेसची उष्णता दहा-बारा सेकंदांची असते म्हणून लोक सोडून देतात, पण दाबून दिलेली असते, कापडाला पळायला जागा नसते.

बदललेल्या हुडी दिल्या आणि काही पीस युनिटमध्ये मुद्दाम मागे ठेवले, तसेच थप्पीत, वजनाखाली, माळ्यावर. पाठीची पट्टी पांढरीच राहिली. छातीच्या मोहरी लोगोत मात्र फरक पडला होता, सॅम्पलशेजारी धरलं तर किंचित नारिंगी, कारण त्याच्याखाली ब्लॉकर नव्हता. ते आम्ही जाणूनबुजून तसंच सोडलं होतं, मोहरीत कोणाला दिसत नाही आणि एक स्क्रीन वाचते.

बरेच जण विचारतात की प्लास्टिसोलच सोडून द्यायचा का. वॉटर बेस रबर प्रिंटमध्ये तो तेलकट प्लास्टिसायझर नसतो हे खरं, पण तोही पक्का करायला चांगलीच गरमी लागते आणि गडद फ्लीसवर पांढरा झाकायला कोटावर कोट मारावे लागतात. डिस्चार्ज प्रिंट विसरा, तो कॉटनचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग काढतो, पॉलिएस्टर तसंच रंगीत राहतं, मिक्स कापडावर मचूळ मरून मिळेल. सिलिकॉन शाई पॉलिएस्टरवर सुंदर चालते, कमी गरमीत पक्की होते, ताण चांगला घेते, स्पोर्ट्सवेअरवाले वापरतात, पण महाग आहे, पक्कं करणारं कॅटलिस्ट टाकल्यावर ठराविक तासांत संपवावी लागते आणि स्क्रीन-स्क्वीजी वेगळी ठेवावी लागते, बॅच हुडीच्या भावात बसत नाही. डीटीएफवाल्यांनाही (फिल्मवर छापून हीट प्रेसने चिकटवणाऱ्यांना) हाच त्रास होतो, प्रेस थोडा वेळच असतो म्हणून थोडा कमी, त्यांच्यासाठीसुद्धा कार्बनवाली काळी पावडर मिळते ती याचसाठी.

शेठच्या ऑर्डर फॉर्मवर आता कापडाच्या ओळीत "फेस यार्न १०० टक्के कॉटन, लूप यार्न काहीही" असं छापलंय आणि ट्रेडर त्यावर सही करत नसेल तर पांढरा प्रिंट घेताना गिऱ्हाईकालाच ब्लॉकरचा एक कलर जादा लावतात. मोठी कंपनीची ऑर्डर असेल तर मिलकडून आयएसओ १०५-पी०१ चा रिपोर्ट मागतात, तो कोरड्या गरमीत रंग किती सुटतो याचाच असतो. छोट्या ऑर्डरला रिपोर्ट कोण देणार, तिथे अस्तराचा तुकडा आणि हीट प्रेस पुरे, पाच मिनिटांत निकाल. लॉट बदलला की परत, साइज दुसऱ्या मिलची आली की परत. पोरांना डिझाइन दाखवतानाच मरून-लालवर क्रीम किंवा फिकट राखाडी पण दाखवतात, निम्मे जण तेच निवडतात.

या सगळ्याची एक शेपूट राहिली. लो ब्लीड पांढरीचा जो डबा पहिल्या प्रयोगातून उरला होता तो मामांनी लाल कॉटन टी-शर्टच्या एका ऑर्डरला वापरून टाकला, "चांगली महाग शाई आहे, वाया कशाला." गरम थप्पी लागली, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक टी-शर्टच्या छातीवर पांढरा प्रिंट, आणि त्याच्या वर ठेवलेल्या टी-शर्टच्या पाठीवर त्याच प्रिंटची फिकट सावली, लाल रंग उडालेला. त्या शाईतलं डायला मारणारं केमिकल गरमीत वाफ होऊन शेजारच्या कापडाचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग खातं, घोस्टिंग म्हणतात त्याला. पॉलिएस्टर मिक्सला जे औषध तेच कॉटनला विष. आता त्या डब्यांवर मार्करने "फक्त पॉली मिक्स" लिहून ते वेगळ्या रॅकवर ठेवलेत, आणि रॅकची किल्ली मामांकडेच आहे, कारण शेठपेक्षा ते जास्त सांभाळतात.